गाडी घाटात ओढत नाही? पंप खोलण्याआधी एवढं बघा, आणि आरपीएम मीटर बसवून घ्या

कापसाचा हंगाम लागला की आमच्या अंगणात एकच तक्रार येते : "भाऊ, गाडी वढस नही." मी चाळीसगाव तालुक्यातला. घरची एक जुनी डिझेल पिकअप आहे, भावकीत आणि गावात आणखी सात-आठ आहेत, आणि त्या सगळ्यांवर बरीच वर्षं माझाच हात फिरतो. तक्रार एकच असते, कारण मात्र दर वेळी वेगळं निघतं. मला वाईट याचं वाटतं की माझ्याकडे येईपर्यंत पुष्कळांनी डिझेल पंपाचं आणि नोझलचं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांचं) काम करून घेतलेलं असतं. ऐन हंगामात पैसे जातात, गाडी चार दिवस उभी राहते आणि कन्नडच्या घाटात पुन्हा पहिलेच पाढे.

हे सगळं यांत्रिक डिझेल पंप असलेल्या, चार सिलिंडरच्या जुन्या पिकअपबद्दल आहे. कॉमनरेल गाडीचं (जिच्यात डिझेलचा पुरवठा संगणक सांभाळतो) जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

रिकामी गाडी ठीक पळते, पण माल भरला की जो चढ तिसऱ्या गिअरवर निघायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. सपाटीवर ६०-७० च्या पुढे काटा सरकत नाही. डिझेल जास्त लागतं. काही गाड्या दहा-बारा किलोमीटर नीट चालतात, मग दम तोडतात, आणि पाच मिनिटं उभ्या केल्या की परत ठीक होतात.

धुराचा रंगही बघून ठेवा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. ताकद कमी आणि धूर अजिबात नाही, असं असेल तर बहुतेक वेळा डिझेलच पुरेसं पोचत नसतं.

आणि सर्वांत महत्त्वाची दोन लक्षणं, जी लोक एकाच वाक्यात सांगून मोकळे होतात. एक : पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिनचा आवाजच वाढत नाही. दोन : आवाज वाढतो, पण गाडी तेवढ्याच वेगाने जाते. दोन्हींना आपण "ओढत नाही" म्हणतो. पहिल्यात इंजिन कमी पडतंय, दुसऱ्यात इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. कानाने हा फरक ओळखायला सरावलेला माणूस लागतो. आरपीएम मीटरवर, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरवर, तो कोणालाही दिसतो.

बिनपैशाच्या तपासण्या

आधी चाकं. टायरमधली हवा मोजा. मग आठ-दहा किलोमीटर जा, ब्रेक शक्यतो न लावता गाडी आपोआप थांबू द्या आणि हाताची पालथी बाजू चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ न्या. टेकवू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा उघडच गरम लागलं तर तिथे ब्रेक चिकटतोय. मग ते चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल करा आणि हाताने फिरवून बघा. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली असते, किंवा चिखलात राहून व्हीलसिलिंडर जाम होतो. ब्रेक ओढत इंजिन चालत असेल तर पंपाचा काय दोष?

दुसरं, ॲक्सिलरेटरची केबल. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर बघावा. लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकलाच पाहिजे. बोटभर जागा उरत असेल तर तेवढी ताकद तुम्ही मागतच नाही. केबल ताणून सैल होते, आतली तार तुटत येते, आणि कधी कधी पेडलखाली घडी घातलेलं गोणपाट असतं. हे मी तीन गाड्यांत बघितलं आहे, आणि त्यातल्या एकीचं पंपकाम आधीच झालेलं होतं.

तिसरं, टाकीचं झाकण. गाडी काही अंतर चालून दम तोडते आणि थांबल्यावर बरी होते, तेव्हा मी आधी इथेच जातो. डिझेल कमी होत जातं तशी बाहेरची हवा टाकीत यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि फीड पंपाला डिझेल खेचता येत नाही. आमच्या एका आबांच्या गाडीला घाटात डिझेल हिंदकळून सांडायचं, म्हणून त्यांनी झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घट्ट बसवली होती. गाडी दर वेळी बारा-तेरा किलोमीटरवर मरायची. गाडी दम तोडेल तेव्हा लगेच झाकण सैल करा. फुस्स आवाज होऊन गाडी बरी झाली, तर दोष सापडला.

हवा आणि डिझेल : फिल्टरच्या खर्चात

खान्देशातली काळी माती, वेचणीनंतरची धूळ आणि जिनिंगच्या आवारात उडणारी कापसाची फुणकी एअर फिल्टरला लवकर बुजवते. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवर इथे विसंबू नका. नुसता फिल्टर काढून पाहू नका, हवा जिथून आत शिरते तो पाईपही उघडून बघा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत तिथे उंदरांनी चिंध्या भरलेल्या मला सापडल्या आहेत. कागदी फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर आणि हलक्या प्रेशरने, नाहीतर कागद फाटतो आणि माती थेट सिलिंडरच्या लायनरपर्यंत जाते. ऑइलबाथ फिल्टर असेल तर त्यातलं ऑइल बदला, खाली बसलेला चिखल पुसून काढा. "फिल्टर काढून चालवून बघू" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. आपल्या धुळीत एक फेरीही महागात पडते.

काळा धूर असेल तर एअर फिल्टर आधी, धूर नसेल तर डिझेल फिल्टर आधी.

डिझेल फिल्टरच्या तळाचा नट सैल करून पाणी काढा. शेतावर बॅरलमध्ये डिझेल साठवणाऱ्यांच्या गाडीत पाणी हमखास निघतं. रात्रीच्या गारव्यात बॅरलच्या आत दव धरतं आणि ते तळाशी जमतं, म्हणून बॅरलच्या तळाचं डिझेल गाडीत ओतायचं नाही. फिल्टर जुना असेल तर बदलूनच टाका, त्यावर विचार करत बसण्यासारखी त्याची किंमत नाही.

फिल्टर बदलूनही फरक नसेल तर लाइन हवा घेते का ते बघायचं. इथे भलेभले फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाईपमध्ये प्रेशर नसतं, ओढ असते. तिथे जॉइंट सैल असेल तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. म्हणजे सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं आणि तरी दोष तिथेच असतो. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक डिझेल पाईप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे सतत दिसले तर मागचा प्रत्येक जॉइंट, बँजोचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वायसर आणि पाईपच्या क्लिपा तपासा. तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की परत नीट बसत नाही. नवीन घ्या.

अजून शंका असेल तर स्वच्छ डबा घ्या, पाच लिटर डिझेल भरा आणि टाकी बाजूला ठेवून फीड पंपाला थेट त्या डब्यातून पाईप द्या. डबा सायलेन्सरपासून लांब, जमिनीवर. उभ्या गाडीवरच बघायचं, डबा घेऊन रस्त्यावर जायचं नाही. इंजिन डब्यावर मोकळं फिरलं आणि टाकीवर अडखळलं तर टाकीतली जाळी किंवा मधली लाइन दोषी. पंप निर्दोष सुटला.

आता आरपीएम मीटर

इथपर्यंत निम्म्याहून जास्त गाड्या बऱ्या होतात. उरलेल्यांसाठी मी मीटर बसवल्याशिवाय पुढे जात नाही. जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर वेगाचा काटा असतो, इंजिनच्या फेऱ्यांचा बहुधा नसतो.

मीटर घेताना दुकानात स्पष्ट सांगा : डिझेलसाठी, ऑल्टरनेटरच्या (गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) डब्ल्यू टर्मिनलवर चालणारं. पेट्रोल गाडीचं मीटर इग्निशन कॉइलचे ठोके मोजतं. डिझेलला कॉइलच नाही, त्यामुळे ते मीटर नुसतं शोभेला लागेल.

डब्ल्यू टर्मिनल म्हणजे ऑल्टरनेटरच्या आतल्या तारेच्या एका वेटोळ्याचं बाहेर आणलेलं टोक. ऑल्टरनेटर पट्ट्याने इंजिनला जोडलेला, म्हणून त्यातले विजेचे ठोके इंजिनच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतात. समजा, इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर फिरतंय, ऑल्टरनेटरची पुली लहान असल्याने तो २.२ पट फिरतो, म्हणजे १,६५०. बारा पोलच्या (चुंबकी टोकांच्या) ऑल्टरनेटरमध्ये एका फेरीत सहा ठोके, तर सेकंदाला १६५ ठोके. मीटर हेच मोजतं आणि भागाकार करून काटा दाखवतं. म्हणून मीटरच्या पाठीमागे पोल किंवा पुलीचं प्रमाण जुळवायचं बटण नाहीतर स्क्रू असतो. तो न जुळवता दिसणारा आकडा खोटा.

काम असं करा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. मीटरची पॉझिटिव्ह वायर चावी ऑन केल्यावरच वीज येते अशा ठिकाणावरून घ्या, आणि मध्ये मीटरसोबतच्या कागदावर लिहिलेल्या अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज नसताना वायर घासली तर आग लागते, हे काम उरकण्याच्या घाईत विसरू नका. अर्थ थेट बॉडीच्या स्वच्छ धातूवर, रंग खरवडून. दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या लाइनला. सिग्नलची वायर इंजिनच्या बाजूला नेताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच हवंच, आणि वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून, पंख्यापासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधा. वायरींचे रंग मीटरच्या कागदावर बघूनच जोडा, प्रत्येकाचे वेगळे असतात.

जोडण्याआधी डब्ल्यू टर्मिनल खरं आहे का ते तपासा. इंजिन चालू, मल्टिमीटर एसी व्होल्टवर, एक टोक डब्ल्यूला आणि एक बॉडीला. ६ ते ८ व्होल्टच्या आसपास दिसलं की ठीक. जाड वायरीचं बी टर्मिनल किंवा चार्जिंग दिव्याचं टर्मिनल सिग्नलला वापरू नका. ऑल्टरनेटरला डब्ल्यू नसेलच तर तो उघडून आतून टोक काढता येतं, पण ते डाग द्यायचं (सोल्डरिंगचं) काम वायरमनचं आहे. घरी करू नका. कॉमनरेल गाडीत तर कुठल्याच सेन्सरच्या वायरीला हात लावू नका, तिथे स्कॅनर लावला की फेऱ्या आकड्यांत दिसतात.

शेवटी जुळवणी. क्रँकच्या पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून प्रकाशाने फेऱ्या मोजणारं हातातलं यंत्र मिळतं, वायरमनकडे बहुधा असतं. इंजिन गरम करून निवांत चालीवर (पेडल न दाबता) आणि मग २,००० च्या आसपास दोन्ही आकडे जुळवा. एक खूण लक्षात ठेवा : रात्री हेडलाइट लावल्यावर इंजिनचा आवाज तोच राहून काटा खाली आला, तर ऑल्टरनेटरचा पट्टा घसरतोय. मीटर बरोबर आहे, आधी पट्टा ताणा.

काटा काय सांगतो

सगळ्यात उपयोगी गोष्ट : क्लच घसरत नसेल तर ठरावीक गिअरमध्ये ठरावीक वेगाला इंजिनच्या फेऱ्या ठरलेल्याच असतात. गाडी रिकामी असो की दीड टन मका भरलेली, त्यात फरक पडत नाही. उदाहरणार्थ टायरचा घेर २.१५ मीटर, चौथा गिअर सरळ (१ : १), डिफरन्शियलचं प्रमाण ४.३ असेल तर ताशी ५० किलोमीटरला फेऱ्या साधारण १,६६७. हा हिशेब तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही. तुम्ही रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये ३०, ४० आणि ५० ला काटा कुठे येतो ते लिहून घ्या. लिहायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही. वेगाचा काटा थोडा चुकत असला तरी चालेल, कारण दोन्ही वेळेला तो तेवढाच चुकणार.

आता माल भरून चढावर जा. लळिंगचा चढ असो की कन्नडचा घाट, त्याच गिअरला, त्याच वेगाला काटा आधीपेक्षा वर दिसला तर क्लच घसरतोय. क्लचप्लेट झिजली असेल, तिला ऑइल लागलं असेल किंवा क्लचच्या पेडलला मोकळी चाल उरली नसेल. चाल आधी बघा, ते फुकट आहे.

काटा वेगाशी जुळतोय, पण पेडल पूर्ण दाबूनही वर चढत नाही? मग इंजिनच कमी पडतंय. अशा वेळी उभ्या गाडीवर, न्यूट्रलमध्ये, गरम इंजिनवर पेडल हळूहळू पूर्ण दाबा, आकडा दिसताक्षणी सोडा आणि गाडीच्या पुस्तकातल्या बिनलोडच्या कमाल आकड्याशी ताडून बघा. तो आकडा गाठतच नसेल तर केबल, पंपाचा स्टॉप किंवा डिझेलची लाइन. उभं असताना गाठतो आणि लोडवर पडतो, तर हवा, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), सायलेन्सर, नाहीतर पंप-नोझल. ऑइल कमी असेल, निळा धूर असेल किंवा टायमिंग बेल्टची खात्री नसेल तर ही चाचणी करूच नका. टर्बोतून ऑइल आत जात असेल तर इंजिन पेडल सोडल्यावरही चढत जाऊ शकतं.

मे महिन्याचं एक वेगळं. पहाटे १५ अंशांना जेवढी हवा सिलिंडरमध्ये मावते त्यापेक्षा दुपारी ४५ अंशांना सुमारे ९ टक्के कमी मावते, कारण तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हात बिनटर्बोची गाडी थोडी मंदावणारच. जानेवारीचे आकडे आणि मेच्या दुपारचे आकडे ताडून घाबरू नका. पहाटे निघून बघा. सकाळी बरी, दुपारी मंद आणि टेंपरेचरचा काटा वर असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेली फुणकी काढा.

टर्बो असेल तर

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ती हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि पुढे इंजिनपर्यंत रबरी होज जातात. त्यांना बारीक चीर पडली की दाबलेली हवा बाहेर निसटते : काळा धूर, ताकद कमी, आणि लोडवर सुसकारा ऐकू येतो. इंजिन थंड असताना होज पिळून बघा. चीर पुष्कळदा खालच्या बाजूला असते, आणि तिथे ऑइलमध्ये भिजलेली धूळ चिकटलेली दिसते. क्लिपा आवळा. ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तरी हेच लक्षण, तो काढून साफ करता येतो. गॅस्केट मात्र नवीन टाका. सायलेन्सर दगडावर आपटून चेपला असेल तर ते खाली वाकून बघितलं की दिसतं.

इथे थांबा

यापुढे घरी हात घालू नका. पंपाचं टायमिंग आणि सील केलेला डिझेलचा स्क्रू, नोझल, कॉम्प्रेशन, टर्बोचा शाफ्ट, क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवणं ही कामं साधनं असलेल्या माणसाची आहेत. सील तोडून स्क्रू फिरवला की गाडी दोन दिवस पळते, काळा धूर सोडते आणि पिस्टन तापवते.

चालू इंजिनवर नोझलचे पाईप सैल करू नका. नोझलमधून निघणारी बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोचण्याएवढी दिसते, पण डिझेल मांसात शिरलेलं असतं. अशा वेळी दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेलची धार लागली असं स्पष्ट सांगायचं. कॉमनरेलमध्ये तर दाब हजार बारच्या वर जातो, तिथे डिझेलच्या कुठल्याही पाईपला पाना लावायचा नाही.

रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल चहासारखं दुधाळ, खालून ठणठण आवाज, किंवा निळ्या धुरासोबत ऑइल उडणं, यातलं एक जरी दिसलं तरी गाडी चालवत नेऊ नका, टोचन लावून न्या.

मिस्त्रीकडे जाताना कागदावर एवढं लिहून न्या : धुराचा रंग, निवांत चालीचा आकडा, बिनलोडचा कमाल आकडा, चौथ्या गिअरला ५० वर रिकामी आणि भरलेली असे दोन आकडे, आणि कोणते फिल्टर कधी बदलले. आमच्याकडचा पंपवाला हा कागद आधी मागतो, गाडीचं बॉनेट नंतर उघडतो.